इशिगाकी पंचवीस मिनिटं

जपानच्या दक्षिण टोकाला, हातेरुमा बेटाहून इशिगाकी बेटाला लाँचने तास लागतो आणि नऊ माणसांच्या विमानाने पंचवीस मिनिटं. एइशो शिमानाका सव्वीस वर्षं त्या लाँचवर होता. पाणी कुठे उसळतं, प्रवाळाचा खडक कुठे दबा धरून बसलाय, सगळं त्याला तोंडपाठ. आणि त्याची बायको तोयो दर गुरुवारी त्याच्या डोक्यावरून उडत जायची.

इशिगाकीत ती पोरींना विणकाम शिकवी. त्याला एइशोची हरकत नव्हती. हरकत होती ती जागेला. त्या विमानात चढण्याआधी प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करत आणि वजन बघून कोणी कुठे बसायचं ते ठरवत. शिडशिडीत तोयो बहुतेक वेळा पुढे, वैमानिकाच्या शेजारी येई. वैमानिक नागाता तिशीतला, लांब उत्तरेकडून आलेला, देखणा.

"एइशोदादा, वहिनी आजही पुढेच बरं का!" लाँचवरचा कानेयोशी एकदा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "मागे बसवायची असेल तर चांगलं खाऊपिऊ घाल की तिला!"

एइशो हसला. पण त्या दिवसापासून डुकराच्या मटणाचा मोठा तुकडा तो गुपचूप तोयोच्या वाटीत टाकू लागला. तोयो गुंजभर वाढली नाही.

विमानतळावरच्या चियोबाई विमान सुटल्याची आणि तिकडे उतरल्याची वेळ फळ्यावर खडूने लिहीत. एइशो सायकल हाणत जाऊन ती वाची. चोवीस मिनिटं. पंचवीस. आणि एका गुरुवारी बत्तीस.

"सात मिनिटं जास्त! गेली कुठे?"

"वाऱ्याने नेली," चियोबाई म्हणाल्या. "जा, पकडून आण."

त्याला ते पटलं नाही. संध्याकाळी तो तोयोला म्हणाला, "यापुढे लाँचने चल. नाहीतर शिकवणी सोड."

तोयोने हातातला धोटा खाली ठेवला. "लाँचमध्ये माझी आतडी तोंडाशी येतात, माहीत आहे तुम्हाला. एकदा विमानात बसून बघा. उतरल्यावर म्हणालात सोड, तर सोडते."

पुढच्या गुरुवारी तो रजा काढून तिच्याबरोबर गेला. मागे पंपाची जड खोकी भरली होती.

"एइशो, आज पुढे वजन हवंय, तू पुढे," चियोबाई म्हणाल्या. "तोयो, तू शेवटच्या रांगेत."

तोयोचा चेहरा उतरला. सुताचं गाठोडं उचलून ती मागे गेली.

नागाता वाटेत अवाक्षर बोलला नाही. नजर समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर, वरच्या ओठावर घाम. इशिगाकी दिसू लागल्यावर एवढंच म्हणाला, "वारा फिरलाय. पलीकडच्या टोकाने उतरावं लागेल. पाचसात मिनिटांचा वळसा."

एइशोने मान हलवली, पण त्याचं लक्ष खाली होतं. ज्या समुद्राने त्याचं आयुष्य लाटेलाटेने खाल्लं, तो सबंध एका नजरेत मावत होता. हिरवं उथळ पाणी, मधला काळानिळा पट्टा, खडकांची पांढरी किनार. आणि त्यावर त्याची लाँच, मुंगीसारखी. नागातावरचा राग कुठल्या कुठे गेला. हेवा मात्र गेला नाही, तो आता मागच्या रांगेतल्या तोयोकडे वळला. इतकी वर्षं ही बाई हे बघत होती, आणि घरी येऊन मुकाट भात लावत होती!

खाली उतरल्यावर तोयोने विचारलं, "मग? सोडू?"

"नको." तो थोडा घुटमळला. "पण अधूनमधून मीही येत जाईन. पुढे बसून."

"आज बसलात ना? पुरे झालं." तोयोने सुताचं गाठोडं काखेत घट्ट धरलं. "ती जागा माझी आहे."

आणि त्याच्यासाठी न थांबता ती शिकवणीच्या वाटेला लागली.