मेहुण्याचं कोटेशन

दोहातल्या आमच्या प्रयोगशाळेला अमेरिकन सरकारचं अनुदान हवं होतं आणि आमच्याकडचे अर्ज तपासणारे गृहस्थ नाशिकचे होते. ऑफिसात ते सगळ्यांशी हिंदी बोलत, पण मला नकार द्यायचा असला की मराठीत येत. "मॅडम, हे नियमात बसत नाही हो," म्हणत ओळीखाली पट्टी ठेवत. परदेशी संस्था म्हणून आम्ही पात्र आहोत, हा कागद त्यांनी मला तीनदा करायला लावला.

मुदतीच्या आदल्या दिवशी, अनुदानातून घ्यायच्या यंत्रासाठी नियमाप्रमाणे लागणारी तिन्ही कोटेशनं मी एकदाची आणून दिली. त्यांनी सगळ्यांत स्वस्त होतं तेच बाजूला काढलं.

"आता काय चुकलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"चूक काही नाही. ही माझ्या मेहुण्याची कंपनी आहे. नात्यातली चालत नाही."

"आडनाव वेगळं आहे. कुणाला कळणार होतं?"

"खाली सही माझी असते, मॅडम."

चरफडत, भर उन्हात दोहाबाहेर अल वक्र्यापर्यंत जाऊन मी दुसरं कोटेशन आणलं. अर्ज वेळेत गेला.

मेहुण्यानं तेव्हापासून त्यांच्याशी अबोला धरलाय, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "तो रागावणारच. तुम्हीसुद्धा रागावलाच होतात की."