मीटर मामाजी

मामाजींच्या तोंडून ‘इंचभर’ हा शब्द कधी निघाला नाही. भांडणात ते ठासून सांगत, “मी अडीच सेंटिमीटरही सरकणार नाही.” समोरच्याचा राग तिथंच विरायचा, कारण त्याला हसू दाबायचं काम लागायचं. माझ्या आईचे हे थोरले भाऊ. रेल्वेच्या रुळांवर नोकरी करून निवृत्त झालेले आणि तिरोड्याजवळच्या आपल्या गावी येऊन राहिलेले. गावानं त्यांचं नाव ‘मीटर’ पाडलं होतं. चिडवायला पाडलेलं हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

देशानं मेट्रिक पद्धत आणली खरी, पण अर्धीच आणली, हे त्यांचं मुख्य दुखणं. “मीटरले घरात घेतलं, पण फुटाले बाहेर काढलं नाही. दोघंही एकाच खोलीत राहून राहिले जी,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. प्लॉट फुटात, टीव्ही इंचात, सोनं तोळ्यात, धान खंडीत. अशा देशानं चंद्रावर यान पाठवावं, याचं त्यांना कौतुक कमी आणि काळजी जास्त वाटे. एकदा विहारात पाहुण्या वक्त्यानं आवाज चढवून म्हटलं, “समता अजून कोसो दूर आहे!” मामाजी पहिल्याच रांगेत होते. त्यांनी हात वर करून नम्रपणे विचारलं, “अंदाजे किती किलोमीटर जी?” वक्ता पुढचं भाषण विसरला. मामाजी मात्र वही-पेन घेतल्यासारखे उत्तराची वाट पाहत बसले.

गोंदियाच्या सराफ्यात तर ते दिसले की दुकानदार पंखा वाढवायचे. “एक तोला दूँ क्या, चाचा?” असं कोणी म्हणालं की झालं. “खरा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर असते. तुम्ही तोळा म्हणता आणि दहा ग्रॅम देता. म्हणजे तोळाही खोटा आणि ग्रॅमचाही अपमान.” दुकानदार हात जोडून म्हणे, “चाचा, आप चाय पियो.” चहा ते पीत, पण किती मिलिलिटर आहे हे विचारल्याशिवाय नाही.

मामींना एकदा ताप भरला. घरातलं थर्मामीटरही अर्थात सेल्सिअसचं. शेजारच्या भागरताबाईंनी कुंपणावरून विचारलं, “किती आहे जी ताप?” मामाजी म्हणाले, “एकोणचाळीस.” भागरताबाईंना शंभर-एकशेदोनचा ताप ठाऊक. अठ्ठ्याण्णवच्या खाली उतरत उतरत एकोणचाळीसवर गेलेलं माणूस म्हणजे संपलंच, असा त्यांचा हिशेब झाला आणि त्यांनी गळा काढला. गल्ली गोळा झाली. दोघी-तिघी पदर तोंडाला लावून अंगणात बसल्या. गलबला ऐकून मामी घोंगडी पांघरून बाहेर आल्या, त्या बायकांजवळ टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “कोण गेलं वं?” त्या दिवसानंतर गावात कोणीही मामाजींना तापाचा आकडा विचारला नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मला एकदा चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर बसून शेंगा खाताना कळलं. मी सहज विचारलं होतं. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एका मोठ्या शेतकऱ्याकडे मजूर होते. मजुरी धानात मिळे आणि कुडोनं, म्हणजे लाकडी मापानं, मोजून मिळे. “त्याच्याकडं दोन कुडो होते, बाई. घ्याचा मोठा, द्याचा लहान. आणि देतानी अंगठा कुडोच्या आत राहे. त्या अंगठ्याएवढा भात आमच्या ताटातून जाय. किलोच्या आत कोणाचा अंगठा जात नाही.” एवढं बोलून ते पुन्हा शेंगा सोलू लागले. मामाजींचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आणि याच मामाजींपायी माझं लग्न मोडायची वेळ आली. मुलगा माझ्याच पसंतीचा, गोंदियाच्या कॉलेजातला. दोन्ही घरांना माहीत होतं, पाहायला येणं हा रीतीपुरता कार्यक्रम होता. पण त्याच्याकडे शेवटचा शब्द त्याच्या आत्याबाईंचा. माझे वडील नव्हते, म्हणून बैठक मामाजींच्या घरी आणि बायोडाटा त्यांच्या हातचा. आत्याबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला.

“एकशे पंचावन्न? हे काय पोरीचं वजन लिवलं का?”

“उंची आहे जी. सेंटिमीटर.”

“फुटात सांगा ना.”

“फूट म्हणजे पाय. कोणाचा पाय? तुमचा का माझा?” असं म्हणत मामाजींनी आपला पाय खरोखरच पुढं केला.

आत्याबाईंचा चेहरा बदलला. मुलानं गडबडीनं हिशेबासाठी मोबाइल काढला, तर त्या म्हणाल्या, “ठेव तो खिशात. मले यायच्या तोंडून आयकाचं आहे. साधी उंची इचारली त पाय दाखवून राहिले. पोरीत काही खोट असन, म्हणून लपवत असन.” त्या उठल्या. त्या उठल्या म्हणून बाकीचेही उठले. आई भिंतीला धरून उभी राहिली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी आता कपात पडणार, अशी गत होती.

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग खाली मान घालून म्हणाले, “पाच फूट एक इंच.”

स्वयंपाकघरात मामींच्या हातून झारा पडला. आत्याबाई परत खाली बसल्या. “मंग आधीच काऊन नाही सांगितलं जी?” म्हणत त्यांनी कप उचलला आणि चहा संपायच्या आत लग्न पक्कं झालं.

पाहुणे गेल्यावर मामाजी अंगणात खाटेवर एकटेच बसले होते, तब्येत बिघडल्यासारखे. मी जवळ जाऊन बसले.

“बाई, पाच फूट एक म्हणतानी तुझा अर्धा मिलिमीटर खाल्ला मी.”

“जाऊ द्या ना, मामाजी.”

“नाही. तेवढा माझ्या हातानं गेला. तिकडं कोणी तुले याच्यापेक्षा कमी मोजलं, त मले फोन करजो.”

तसा फोन करायची वेळ माझ्यावर आली नाही. पण संसारात थोडं खट्टू व्हायला झालं की, फोन केला तर तिकडून मोजायची टेप घेऊन निघणारा माणूस आहे, एवढ्या भरवशावर मी ताठ उभी राहत असे. मामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. माझ्यातलं बरंच काही तेव्हा कमी झालं, आणि किती झालं ते मोजून सांगायला तेच नव्हते.