बांधाचं गवत

भोंगवलीच्या शेतात उन्हाळी मका केली ती माझ्या हट्टानं. नवऱ्याचं म्हणणं होतं की कडवळ करू, ज्वारीची वैरण म्हशींच्या सवयीची आहे. पण तो शिरवळला कंपनीत शिफ्टला जाणार आणि धारा-शेण बघणार मी, तेव्हा म्हशींनी काय खायचं ते मीच ठरवणार, असं सांगून मी विषय संपवला. माझा स्वभावच तसा. एखादी गोष्ट डोक्यात आली की ती संध्याकाळपर्यंत झाली पाहिजे. लग्न होऊन पासलीच्या डोंगरातून इकडे आले, त्या वर्षीच नवऱ्यानं मला घरातला जेसीबी म्हणायला सुरुवात केली, आणि मला बरीच वर्षं ते कौतुक वाटायचं.

मका गुडघ्याएवढी झाली आणि ओढ्याकडच्या कडेला पाच-सहा ताटांच्या पानांवर पिवळट पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. देठापासून शेंड्यापर्यंत सरळ, शाळेतल्या वहीवर आखतात तशा. मी फोटो काढून दुकानदाराला पाठवला. तो म्हणाला, झिंक कमी पडलंय, फवारून टाका. मी त्याच दुपारी फवारलं. आठ दिवसांनी रेघा तशाच, आणि ती झाडं खुजी राहून शेजारची त्यांच्या डोक्यावरून वर गेली. नवरा म्हणाला, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय तुझं." मला राग आला, कारण खरं होतं.

मग कृषी सहायक बाईंना बोलावलं. त्या तरुण आहेत, स्कूटीवर येतात आणि उन्हाचा स्कार्फ न सोडताच शेतात शिरतात. त्यांनी एका ताटाचा पोंगा उलगडून मला आत दाखवलं. बारीक तुडतुडे होते, बोट लावलं की तिरके उड्या मारणारे. बाई म्हणाल्या, हा व्हायरस आहे. तुडतुडा रोगट पानाचा रस पितो आणि चांगल्या पानावर बसला की तिथं रोग सोडतो. मकेला होतो, ज्वारीला होतो, रानगवतालाही होतो, आणि शेतात पीक नसतं तेव्हा तो बांधावरच्या गवतात मुक्काम करून राहतो. झाड एकदा धरलं की त्याला औषध नाही. रोगट ताटं उपटा, तुडतुड्यांवर लक्ष ठेवा, बांध स्वच्छ ठेवा. कोरोनापासून व्हायरस म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मी विचारला. बाई हसल्या. माणसाला नाही, म्हशीलाही नाही, उपटलेली ताटं खुशाल खायला घाला.

एवढं सगळं त्यांनी सांगितलं. माझ्या डोक्यात फक्त बांध राहिला.

आता तो बांध कुणाचा हे सांगायला पाहिजे. सातबाऱ्यावर तो आमचाच आहे. पण त्यावरचं गवत आत्यांचं. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची एकुलती बहीण. त्यांना गावातच दिलेली, रस्त्याच्या पलीकडं दहा मिनिटांवर. वडील गेल्यावर भावाच्या नावावर जमीन व्हावी म्हणून त्यांनी भोरला जाऊन हक्कसोडीवर सही केली. आपला वाटा आपण भावाला सोडला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. सगळ्याच बहिणी देतात, त्यात काही वेगळं नव्हतं. सही करून बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, ओढ्याकडचा बांध तुझ्या म्हशीला. तेव्हापासून सासरे जाईपर्यंत, आणि ते गेल्यावरही, आत्या रोज सकाळी विळा आणि जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन येत. तासभर बांधावरचं मारवेल गवत कापत, ओझं बांधत, विहिरीजवळ बसून माझ्याशी चार गोष्टी बोलत. मकेत पाखरं उतरली, मोटारीचा पाइप गळतोय, ह्या बातम्या मला त्यांच्याकडूनच कळायच्या.

त्या आठवड्यात आत्या साताऱ्याला लेकीकडं गेल्या होत्या. त्यांना फोन करावा असं माझ्या मनात आलं होतं, हे मी इथं लिहून ठेवते. आलं होतं आणि मी तो केला नाही. फोनवर त्या "थांब गं, म्या आल्यावर बघू" म्हणाल्या असत्या, आणि थांबणं मला जमत नाही. शिवाय मी मनातल्या मनात हिशेबही लावला. गवताच्या ओझ्याऐवजी आपण त्यांना रोज मकेचा भारा देऊ. वैरण चांगली, वाकून कापायचे कष्ट नाहीत, म्हणजे आत्यांचा फायदाच. स्वतःच्या सोयीला दुसऱ्याचा फायदा म्हणायची हातोटी मला चांगली साधते. मी पाठीवर पंप घेतला आणि ओढ्याकडचा अख्खा बांध तणनाशकानं मारला.

पाचव्या दिवशी बांध पिवळा पडला. सातव्या दिवशी आत्या आल्या.

मी विहिरीजवळ होते. त्या बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. रोगाचं, तुडतुड्यांचं, बाईंचं, आणि मकेच्या भाऱ्याचं तर दोनदा. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"म्या सही जमिनीवर केली हुती गं," त्या म्हणाल्या. "गवतावर न्हाई."

आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मी नवऱ्याबरोबर मकेचा भारा पाठवला, तो गाडीवर मागं बांधून घेऊन गेला. मला वाटलं होतं आत्या परत पाठवतील, पण त्यांनी तो घेतला. म्हशीनं काय गुन्हा केलाय, म्हणाल्या म्हणे. मी सुटकेचा श्वास सोडला तोच नवऱ्यानं पिशवीतून तांब्या काढून ओट्यावर ठेवला. दूध होतं. भाऱ्याच्या बदल्यात. आम्ही डेअरीला दूध घालणारी माणसं, आम्हाला तांब्याभर दुधाचं काय? पण रोज भारा गेला की रोज तांब्या यायचा. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत पाठवत नाहीत, तसं. माहेरच्या वस्तूची परतफेड कुणी करत नाही, हे मलाही कळतं. नवरा पहिल्यांदाच मला काही बोलला नाही, चिडवलंसुद्धा नाही. ते दूध प्यायला मला जड जायचं.

इकडं मकेचं काय झालं? बांध वाळला त्यानंतर दोनेक आठवड्यांत रेघा कडेच्या सगळ्या ओळींत दिसल्या आणि मग मधोमध. मी रोज ताटं उपटत होते आणि रोज नवी सापडत होती. बाई पुन्हा आल्या. बांधाकडं बघून त्यांनी पहिल्यांदा स्कार्फ सोडला. म्हणाल्या, "ताई, मी बांध स्वच्छ ठेवा म्हणाले होते. पीक उभं असताना सगळं गवत एकदम मारलंत, तर तुडतुडे जाणार कुठं?" पेरणीच्या आधी काढायचं, नाहीतर थोडं थोडं कापून आखूड ठेवायचं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ओढ्यापलीकडं दुसऱ्याचा पडीक तुकडा आहे, तिथं गवत कमरेएवढं माजलेलं असतं. रोग बहुतेक तिकडूनच आला असावा, असं त्या म्हणाल्या, खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. आमचा बांध मात्र आधी कसा होता हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रोज कापलेला असायचा. त्या म्हणाल्या, मग तोच बरा होता की.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या हातानं, पाठीवर पंप घेऊन केलं होतं. आणि त्याच रात्री आठवलं की साताऱ्याला जायच्या आधी आत्या मला म्हणाल्या होत्या, ओढ्याच्या कोपऱ्यातल्या गवताला पट्टे आल्यात, बघून घे. मी मोबाईलवर काहीतरी बघत हो हो म्हटलं होतं.

एवढं कळूनही मी आत्यांकडं गेले नाही. चूक कबूल करायला मला कधीच फारसं जड जात नाही, पण ह्या वेळी माफी नेमकी कशाची मागायची तेच कळत नव्हतं. गवताची म्हणावी तर भारा जात होता. न विचारल्याची म्हणावी तर शेत आमचं होतं. नवऱ्याला मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, "मग नको जाऊ."

चैत्रात पासलीची जत्रा असते, तेव्हा मी माहेरी गेले. भाऊ-भावजय, गोडाधोडाचं जेवण, सगळं नेहमीसारखं. दुपारी मी घरामागच्या वावराकडं गेले. तिथं बांधावर आंबा आहे. लहानपणी मी त्याच्यावरच असायचे, आई खालून शिव्या द्यायची. कैऱ्या लोंबत होत्या. मी काठी घेतली आणि दोन पाडल्या. अंगणातून भावजय म्हणाली, "घ्या की वन्सं. पायजे तेवढ्या घ्या."

ती प्रेमानं म्हणाली. माझी भावजय माझ्यापेक्षा गुणी आहे, तिच्या बोलण्यात काडीचंही वाकडं नव्हतं. पण माझा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी मीही हक्कसोडीवर सही केली होती. भावानं जीप केली होती, येताना आम्ही मिसळ खाल्ली, मला साडी घेतली, आणि मी सगळ्यांत जास्त हसत होते. मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नव्हतं. घ्या म्हणायचं तर ती वस्तू समोरच्या माणसाची नसावी लागते, हे मला त्या कैऱ्या हातात घेऊन कळलं. मी त्या झाडाखाली बसून रडले. भावजयीला वाटलं मला आईची आठवण आली.

परत आल्यावर मी सगळ्यांत आधी आत्यांच्या घरी गेले. त्या गोठा झाडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की चूक झाली. गवत मारलं ही तर झालीच, पण ते तुमचं होतं आणि मी तुमचं काही विचारातच घेतलं नाही. आत्यांनी झाडू ठेवला, मला बसायला पाट दिला, चहा टाकला. मी आणखी एक पाऊल पुढं गेले. म्हटलं, सासऱ्यांनी तोंडी दिलं होतं, आम्ही दोघं स्टॅम्पवर लिहून देतो. बांधाचं गवत आत्यांचं, कायमचं.

आत्या चहा गाळत होत्या. "कागुद नगं," त्या म्हणाल्या. "आदी बी कागदानंच गेलं."

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, गवत फुटतंय का. मी खरं ते सांगितलं, की मुळं मेली आहेत. त्या बघू म्हणाल्या.

पाऊस लागून जमीन मऊ झाल्यावर मी मारवेलचे ठोंब आणले आणि अख्खा बांध स्वतः लावला. वाकून वाकून कंबर धरली, पण गडी लावला नाही. ह्या वेळी मला संध्याकाळपर्यंत संपवायची घाई नव्हती. आठ दिवस लागले. भादव्यात मारवेल कापायला आली तेव्हा मी आणि नवऱ्यानं तिला हात लावला नाही. आत्यांना निरोप धाडला.

त्या आल्या. विळा होता, फडकं होतं. रस्ता सोडून बांधावर चढायच्या जागी त्या थांबल्या आणि तिथूनच मला हाक मारली.

"येऊ का गं?"

मी धावत गेले. या की आत्या, विचारता काय, असं काहीतरी म्हणाले. त्या आल्या, तासभर कापलं, विहिरीजवळ बसल्या, साताऱ्याच्या नातवाचं सांगितलं. भारा बंद झाला आणि तांब्याही. मला वाटलं, झालं सगळं जागेवर.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच जागी थांबल्या आणि विचारलं, येऊ का गं. तिसऱ्या दिवशीही.

त्यानंतर एक मका झाली आणि ती चांगली आली, एखाद-दुसऱ्या ताटावर रेघा दिसल्या तर आत्याच आधी दाखवतात आणि मी लगेच उपटते. गवत आखूड राहतं. बाईंनी आमच्या बांधाचे फोटो काढून दुसऱ्या गावांत दाखवले. आणि आत्या रोज येतात, रोज विचारतात, आणि मी हो म्हणेपर्यंत बांधावर पाय ठेवत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या शेतात.

गेल्या महिन्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, तुमी इचारू नका ना. मला लई लागतं वो."

त्या वाकून मारवेल कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इचारल्यालं बरं असतंय गं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तो मी कधीतरी घालवला असता.