वाळूच्या टेकड्या आणि निळ्या शर्टातले काका

माझी मावशी पडदे शिवते. तिच्या पुढच्या खोलीत माणसाला बसायला एकच खुर्ची आहे, बाकी सगळीकडे कापडाचे ताके. खिडकीखाली शिलाई मशीन, दारामागे पडद्यांच्या दांड्या, आणि कुठलाही डबा उघडला की आत कड्या. गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला ती स्वतः जाते, पडदा टांगतेही स्वतःच, आणि मग चार पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघत राहते. तेव्हा तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

ती एकुलती एक खुर्ची काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची. काका पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. सारा जन्म त्यांनी गल्ल्या तुडवल्या, दारोदारची कुत्री अंगावर घेतली, आणि निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीत बसले ते बसलेच. कापड पसरायला जागा लागली की मावशी त्यांना खुर्चीसकट भिंतीकडे सरकवायची. पूर्वीचे काका असते तर अर्धा तास वाद घातला असता. आता ते नुसते पाय वर घ्यायचे. मावशी वरवर कुरकुर करायची, पण मला एकदा हळूच म्हणाली होती, की घरात हा माणूस आहे की आणखी एक ताका, तेच कळेनासं झालंय.

अशात तिला शहराबाहेरच्या एका विश्रामगृहाचं काम मिळालं. रस्ता जिथे संपतो तिथे ती इमारत, आणि तिच्यामागे समुद्रापर्यंत नुसत्या वाळूच्या टेकड्या. पडदे टांगून झाल्यावर बाहेरून अस्तर दिसतंय का ते बघायला मावशी मागच्या दाराने बाहेर पडली. ऊन उतरायला लागलं होतं. टेकड्यांची एक बाजू उजळलेली, दुसरी काळोखी, आणि मधली धार अशी की आत्ताच कोणी इस्त्री फिरवून गेलंय. अस्तर बघायचं राहूनच गेलं. तिने फोन काढला आणि दिसेल तसे फोटो घेत सुटली.

ते तिने घरच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपवर जे होतं तेच झालं. कोणी अंगठा दाखवला, कोणी फूल पाठवलं, बाकीच्यांनी ‘छान’ लिहिलं. मावशी खट्टू झाली. मला फोन करून म्हणाली, “छान म्हणजे काय गं? पडदा बघून जो नुसता छान म्हणतो, त्याने पडद्याकडे बघितलेलंच नसतं. ज्याने बघितलंय तो म्हणतो, डावीकडून बोटभर उचललाय. असं सांगणारं कोणी नाही का?”

असं सांगणारे लोक इंटरनेटवर पोत्याने मिळतात. मी तिला फोटोवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे आपला फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, एवढाच उद्योग. खऱ्या नावाने तिथे कोणी वावरत नव्हतं. त्यातल्या सगळ्यांत खडूस माणसाने स्वतःचं नाव ‘घुबड’ ठेवलं होतं. मावशीच्या पहिल्याच फोटोखाली त्याने लिहिलं, “वाळू आहे एवढं समजलं. बघायचं काय?”

मला वाटलं, संपलं, आता ही परत तिकडे फिरकणार नाही. पण मावशीने त्याला उलट विचारलं, “तुम्हाला काय दिसायला हवं होतं ते नीट सांगा.” आणि घुबडाने खरंच सांगितलं. सूर्य अजून खाली येऊ द्यायला हवा होता, म्हणजे सावली लांब पडते. शिवाय ही टेकडी घराएवढी आहे, की कोणाच्या बांधकामापुढचा वाळूचा ढीग आहे, हे कळायला मार्ग नाही. शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवा. मावशी एकदम खूश. माणूस तोंडाचा फटकळ आहे, म्हणाली, पण याने बघितलंय.

ओळखीचं म्हणून शेजारी काय ठेवायचं, यावर तिला फार विचार करावा लागला नाही. खुर्चीत तयारच होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेची बस पकडून ती काकांना घेऊन गेली. काका जाताना वाटभर धुसफुसत होते. टेकडीवर चढून उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच काम होतं; त्यातलं शेवटचं त्यांना जमलं नाही. फोटो ग्रुपवर गेला. काकांचा शर्ट नेमका मातकट रंगाचा, त्यामुळे लोकांनी लिहिलं की माणूस वाळूत विरघळलाय, नुसतं डोकं तरंगतंय. मावशीने काकांना निळा शर्ट शिवून दिला. पडद्याचंच उरलेलं कापड, पण रंग असा की मैलावरून दिसावा.

आणि निळ्या शर्टाने कमाल केली. लोक काकांवर भाळले. “काकांना थोडं डावीकडे घ्या”, “काका पाठमोरे जास्त चांगले वाटतात”, “काका चढताना दाखवा, उतरताना नको”, अशा सूचना यायला लागल्या. काका संध्याकाळी मावशीच्या खांद्यावरून वाकून विचारायचे, काय म्हणतायत? पाठमोरे चांगले वाटतात, हे मात्र त्यांना मनातून लागलं होतं. ते केस कापून आले. आरशासमोर कमरेवर हात ठेवून दूरवर बघण्याचा सराव करताना मी त्यांना स्वतः पकडलं. भाजीवाल्यालाही ते फोनवर फोटो दाखवायला लागले. खुर्चीवर आता दिवसभर ताका पडलेला असायचा.

पण टेकड्यांवर दोघांची दर वेळी जुंपायची. मावशीला काका लहानसे हवे, टेकडीची उंची कळण्यापुरते. काकांना वाटायचं, एवढं उन्हातान्हात आलोय तर तोंड तरी ओळखू यावं.

“तू मला तिळाएवढा करतेस,” ते म्हणाले.

“तीळच हवाय मला. तुम्ही नारळ व्हायला बघता.”

मी बरोबर असले की मधल्या मध्ये माझं मरण. दोघंही माझ्याकडेच बघायचे.

मावशीला खरा राग आला तो पुढे. एकदा काका दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते, म्हणून ती एकटीच गेली. वारा होता. वाळूवर बारीक चुण्या उमटल्या होत्या, अगदी हाताने घातल्यासारख्या सारख्या अंतराच्या. पडदेवालीला याहून आणखी काय हवं? आडवी पडून, कोपरं सोलवटून घेत तिने फोटो काढला. माझ्या मते तोवरचा तिचा सगळ्यांत चांगला. ग्रुपवर टाकला, आणि खाली ओळीने एकच प्रश्न: काका कुठायत? तब्येत बरी आहे ना? पुढच्या वेळी आणा हं त्यांना.

तिने फोन पालथा ठेवला आणि मशीनवर बसली. नंतर कितीतरी दिवस तिने टेकड्यांचं नाव काढलं नाही. काका निळा शर्ट घालून तयार बसायचे, आणि ती म्हणायची, काम आहे. काकांना काहीच कळेना. त्यांनी मला विचारलं, माझं काही चुकलं का? मी घडलं ते सांगितलं. ते बराच वेळ फोनवर त्या चुण्यांचा फोटो बघत बसले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, “यात मी नाही तेच बरं आहे. मी असतो तर यावर पाय दिला असता.”

मावशी हसली नाही, पण त्या संध्याकाळी तिने फोन सुलटा केला. घुबडाला सरळच लिहिलं, “खरं सांगा. माझे फोटो बरे असतात, की फक्त माझा नवरा बरा आहे?”

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी ते तिच्या शेजारी बसून वाचलं, म्हणून माझ्या लक्षात आहे. “काका असले की तुमचं अर्धं लक्ष त्यांच्यावर ओरडण्यात जातं, ते फोटोतही ऐकू येतं. नसले की तुम्ही वाळूकडे बघता. चुण्यांचा फोटो चांगला आहे. पण तुम्ही नेहमी रस्त्याच्याच बाजूने उभ्या राहता. पलीकडे जाऊन बघा.”

पलीकडे जायचं तर लांबचा वळसा होता, आणि मावशीला एकटीने जायचं नव्हतं. काकांनी स्वतःच सुचवलं. पिशवी आणि चहाचा थर्मास ते घेतील, पावलांचे ठसे नको तिकडे उमटू नयेत म्हणून खालून वळसा घालून जातील आणि टेकडीमागे दिसणार नाहीत असे बसतील. निळा शर्टही त्यांनी घरीच ठेवला. आम्ही तिघं गेलो. काका खरोखरच मागे जाऊन बसले, माणूस दिसेना. फक्त आवाज यायचा.

“झालं का?”

“नाही.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आता?”

मावशी मान तिरकी करून उभी होती. मी तोंड मिटून बसले. वारा पडला होता, तो मध्येच उठला, आणि समोरच्या धारेवरून वाळूचा एक पातळ पदर सुटला. उन्हात तो झिरझिरीत पडद्यासारखा दिसला. मावशीने हात न हलवता बटण दाबलं. मग फोन छातीशी धरून खालीच बसली.

“अहो,” ती म्हणाली, “झालं.”

काका टेकडीला वळसा घालून आले, केसांत, कानांत, मिशीत वाळूच वाळू. तो पदर त्यांच्याच अंगावर जाऊन पडला होता. मावशी इतकी हसली की तिला चहा ओतता येईना.

त्या फोटोखाली घुबडाने लिहिलं, “डावा कोपरा जरा जड झालाय. बाकी मला काही म्हणायचं नाही.” मावशीने ते मला फोनवर वाचून दाखवलं, मग माझ्या आईला, मग पडदे घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईंनाही. काका कुठे, असं या वेळीही कोणीतरी विचारलंच. तिने लिहिलं, “मागे आहेत.”

पुढे त्या ग्रुपने वाचनालयाच्या सभागृहात निवडक फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्यात मावशीचा तो फोटो लागला. घुबड दूरच्या गावी असतो, तो आला नाही. भिंतीवर लावलेल्या चौकटीचा फोटो मागवून त्याने तिकडूनच कळवलं की चौकट उजवीकडे कललीय. मावशीने पिशवीतून टेप काढून मोजलं, तर खरंच कललेली. जन्मभर दुसऱ्यांच्या दांड्या सरळ केलेली बाई, पुरती ओशाळली. स्टुलावर चढून तिने ती नीट केली.

ती खाली उतरली तेव्हा चौकटीजवळ काका उभे होते, निळ्या शर्टात. एका जोडप्याला ते फोटो समजावून सांगत होते. त्यांचं बोट टेकडीच्या धारेच्या जरा खाली, नुसत्या वाळूवर टेकलं होतं.

“इथे,” काका म्हणाले, “इथे मागे मी बसलोय.”

त्या दोघांनी खरंच वाकून बघितलं. मी काकांना बाजूला घ्यायला पुढे झाले, पण मावशीने माझा हात धरला. काका मग वारा कसा उठला, वाळू कशी अंगावर आली, तेही सांगायला लागले, आणि ऐकायला आणखी माणसं जमली. मावशी स्टूल जागेवर ठेवून त्यांच्यातच जाऊन उभी राहिली.