शाफ्ट सरकवणारे अण्णा

अण्णांचं तोंड दिवसभर चालायचं. गिऱ्हाइकाशी तमिळ, माझ्याशी आमची तंजावरी मराठी, आणि न निघणाऱ्या नटाशी दोन्ही. गप्प व्हायचे ते फक्त पुढच्या ॲक्सलचा शाफ्ट आत सरकवताना. तेव्हा रेडिओसुद्धा बंद करायला लावायचे.

माझी जीप स्वामीमलैच्या ओतशाळेतून पंचधातूच्या मूर्ती उचलायची आणि डोंगरातल्या देवळांत पोचवायची. चारही चाकांना जोर लागायचा असा रस्ता. पुढच्या चाकाशी तेल दिसलं की मी कुंभकोणमला अण्णांच्या शेडमध्ये. शाळा मी चौथीत सोडली, पण गाडी कुणाच्या हाती द्यायची हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तेल अडवणारं जुनं रबरी सील काढलं की मला दाखवायचे. "हा ओठ आहे, राव. खरचटला की तोंडातलं बाहेर." नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावायचं, स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे ठेवायची, पाइपाच्या तुकड्याने चहूकडून सारखं ठोकायचं. मग शाफ्ट. त्याच्या टोकाचे दाते ओठाला न लागता आत जायला हवेत. तो जड दांडा अण्णा तळहातावर तोलून असा सरकवायचे की बघत राहावं. मी हात पुढे केला तर म्हणायचे, "पोदुम, पुरे. तू मूर्ती उचल."

म्हातारपणी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कॉफीचा टंबलर खालच्या वाटीवर, दवऱ्यावर, वाजायचा. "कॉफी गरम आहे," म्हणायचे. मीही फुंकर मारून प्यायचो.

मग एकदा नवं सील आठवड्यातच गळलं. "माल नकली," अण्णा म्हणाले. दुसरं आणलं, तेही गळलं. ते काढून अण्णांनी उजेडात धरलं. ओठाच्या खालच्या बाजूला दात्याचा चरा होता.

"हाही माल नकलीच," मी म्हणालो.

"माल चांगला आहे. हात गेला माझा. शाफ्ट तू धर, मी सांगतो तसा सरकव."

"तुमच्या शेडमध्ये मी धरू? गळू दे."

"ब्रेकवर तेल जाईल घाटात."

"जाऊ दे."

"जा मग. दरीत बसून मिशीला पीळ दे."

अण्णांनीच शाफ्ट घातला. पुन्हा गळलं. पुढच्याच महिन्यात शेडला कुलूप लावून ते लेकीकडे त्रिचीला गेले. हत्यारं विकली. कुणाला, ते सांगितलं नाही.

मी तेल भरत गाडी चालवत राहिलो. ब्रेक दाबला की जीप एका बाजूला ओढू लागली, तेव्हा ओतशाळेच्या मालकाने तीत मूर्ती चढवायला नकार दिला. मग आडुतुरैच्या वाटेवरच्या एका वर्कशॉपात गेलो. तिथल्या माणसाने खांद्याशी फोन धरून कुणाशी तरी लग्नाच्या जेवणाचं बोलत बोलत शाफ्ट सरकवला. पावसाळा गेला, घाट झाले. एक थेंब नाही.

अण्णांचा अधूनमधून फोन येतो.

"गाडी कशी आहे?"

"चालते."

"पुढचं सील?"

"दुसऱ्याकडून बसवून घेतलं. गळतंय थोडं."

त्यांचा आवाज चढतो. "गळणारच. दाते लावले असतील गाढवाने. शाफ्ट तोलला होता का त्याने? ओठाला ग्रीस तरी लावलं होतं का?"

"विचारून सांगतो," मी म्हणतो.