प्लेटवरची अक्षरं
रोझमेरीचा वास आला की नेपरव्हिल या अमेरिकी गावातलं ते महागडं रेस्टॉरंट आठवतं. त्या दुपारी सोनोग्राफीत बाळाचे ठोके सापडले नव्हते. घरी जाववेना, म्हणून बायको आणि मी आधीच बुक केलेल्या टेबलावर जाऊन बसलो. मंद दिवे, समोर रोझमेरी घालून भाजलेला मासा, काचेबाहेर बर्फ. तेवढ्यात वेटर हसत केक घेऊन आला. प्लेटवर चॉकलेटनं लिहिलं होतं, ‘काँग्रॅच्युलेशन्स, मॉम अँड डॅड!’ बुकिंग करताना मीच हौसेनं गोड बातमी कळवली होती. “परत पाठवतो,” मी कसाबसा म्हणालो. “राहू दे रे,” ती म्हणाली, “कुणीतरी आपल्याला आई-बाबा म्हणालं ना.” मी प्लेट तशीच राहू दिली आणि तिचा हात धरला.