पायगाडीला करंजेल

करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा, वास आला की अजूनही मी हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघते.

आमचे हे सरकारी नोकरीत, देवी टोचणारे. कर्जत-खालापूरची खेडी पालथी घालायची म्हणून माथेरान सोडून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी पायगाडी घेतली. तिची घंटा वाजली की बाया पोरांना कणगीमागे दडवत. एक म्हातारी तर म्हणाली होती, या गाडीच्या मागोमाग मरण येतं. मी तेव्हा हसले होते.

गाडी दारात आली आणि मला बिनपगारी चाकरी लागली. दर रविवारी हे साखळी घासलेटाने पुसायचे, आसात तेलाचे थेंब सोडायचे, चाकाच्या तारा छेडून सैल कुठली ते कान लावून ऐकायचे. मी चाक धरून उभी. या माणसाने मला कधी एक लुगडं पसंत करून आणलं नाही, पण चाकावरची रबरी धाव बोटांनी दाबून हवा कशी ओळखायची, हे मात्र जीव लावून शिकवलं. ब्रेक म्हणजे पुढच्या धावेवर दाबली जाणारी एक पट्टी, बस्स. घाट उतरताना सगळा भरवसा त्या पट्टीवर, तेव्हा धाव कोरडीच हवी, असं ते मला पुनःपुन्हा बजावायचे.

सासूबाईंचा जन्म बैलगाड्यांच्या संगतीत गेलेला. दसऱ्याला त्यांनी नांगर-कोयत्याबरोबर पायगाडीही पुजली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, इथवर ठीक. पण रबर त्यांना वाळलेलं चामडं वाटलं, आणि वहाणांना चोळतात तसं करंजेल त्यांनी दोन्ही धावांना चोळलं. आम्हाला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी हे बोरघाटातल्या वाड्यांवरून उतरत होते. पट्टी दाबली तरी गाडी आवरेना. डोंगराच्या बाजूच्या झुडपात घातली म्हणून वाचले. घरी आले ते फुटलेल्या कोपराने. धावेवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. करंजेलाचा वास. सासूबाई कोपराला हळद लावत म्हणाल्या, "बरं झालं रं, मी काल तेल चोळलं व्हतं. नायतर आज काय झालं असतं?"

मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी मला नजरेने थांबवलं. मग परसात येऊन म्हणाले, "तिला सांगू नको. आपल्या हातनं झालं हे कळलं तर ती अन्न सोडील. मी पुसत जाईन."

रबराला तेल लागत नाही, एवढं त्यांनी आईला गोडीने सांगून बघितलं. त्या हो म्हणाल्या आणि आमची पाठ वळली की चोळू लागल्या, दर अवसेला. लेकाभोवती काहीतरी घिरट्या घालतंय अशी त्यांना धास्ती होती, आणि तेलाने ते दूर राहतं अशी खात्री. मला त्यांचा राग यायचा, पण ती माया बघून कीवही यायची. अवसेच्या दुसऱ्या दिवशी हे निघण्याआधी राख आणि चिंधी घेऊन बसायचे, धाव कोरडी होईपर्यंत घासायचे. मी ते होईस्तोवर भाकरी वाढत नसे.

शिवरात्र झाली, अवस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणवठ्यावर होते. घाटातल्या वाडीत देवी निघाल्याचा निरोप घेऊन माणूस आला, आणि हे तसेच निघाले. मी परत आले तर चिंधी खुंटीला होती. खुंटीवरून काढून बघितली. कोरडी, स्वच्छ, मी काल धुऊन टाकली होती तशीच. राखेचं मडकंही हललं नव्हतं. आत सासूबाई तेलाची वाटी पुसत होत्या. मी हंडा टाकून रस्त्यापर्यंत पळत गेले. रस्त्यावर चाकाची बारीक रेघ तेवढी होती.

दिवस मावळता बैलगाडी आली. तिच्यात हे होते, आणि पायाशी वाकलेली पायगाडी.

तेरावं उरकल्यावर सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "त्या अवसंला माज्या हातनं तेल कमी पडलं का गं?"

तिला सांगू नको, हे ह्यांचं परसातलं बोलणं मला आठवलं.

"नाय, आत्याबाई," मी म्हणाले. "भरपूर चोळलं व्हतं तुमी."

त्यांना तेवढ्याने जरा बरं वाटलं.